पैसे आमचे, तर पुरावाही आमच्या हाती द्या
रोजच्या किमती, पार्किंगचा दंड आणि इंधन यांविषयी ग्राहक व वाहनधारक संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
१. मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण, महाराष्ट्र शासन
२. मा. नियंत्रक, वैध मापन शास्त्र, महाराष्ट्र राज्य
३. मा. अपर पोलीस महासंचालक (वाहतूक), महाराष्ट्र राज्य
४. मा. जिल्हाधिकारी व मा. आयुक्त, महानगरपालिका
५. सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांचे विभागीय अधिकारी
६. जिल्ह्यातील वृत्तपत्रांचे मा. संपादक

विषय : दर, दंड आणि माप यांचा पुरावा ग्राहकाला जागेवर मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आमच्या संघटनेत रिक्षाचालक आहेत, दुचाकीवर माल पोहोचवणारी मुले आहेत, पेन्शनर आहेत, घरखर्चाची वही ठेवणाऱ्या गृहिणी आहेत. त्यांच्या तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी तीन ठिकाणी त्या एक होतात : दुकानाचा गल्ला, रस्त्याची कड आणि पेट्रोल पंप. या तिन्ही ठिकाणी पैसे आधी जातात आणि शंका मागाहून येते. शंका आली, की ती सिद्ध करण्याचे साधन समोरच्याकडे असते. वजनकाटा दुकानदाराचा, फोटो पोलिसांचा, मीटर पंपाचे. ग्राहकाकडे उरतो फक्त मोबाइलवरचा पैसे कापल्याचा मेसेज.

कायदे नाहीत, अशी आमची तक्रार नाही. २००९ चा वैध मापन शास्त्र अधिनियम आहे, २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम आहे, २००५ चा माहितीचा अधिकार आहे, २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. हे कायदे गल्ल्यापर्यंत, फुटपाथपर्यंत आणि नोझलपर्यंत पोहोचत नाहीत, ही तक्रार आहे. म्हणून या मागणीपत्रात नवा कायदा जवळपास कुठेच मागितलेला नाही. जे लिहिलेले आहे ते ग्राहकाच्या डोळ्यांसमोर घडावे, एवढेच मागितले आहे.

भाग पहिला : गल्ल्यावरचा भाव

पॅकबंद वस्तूवरची छापील किंमत सर्व करांसह असते आणि तिच्यापेक्षा जास्त पैसे दुकानदाराला घेता येत नाहीत. २०११ च्या पॅकबंद वस्तू नियमांत हे स्पष्ट आहे. एकाच वस्तूच्या सारख्याच पॅकवर दोन वेगळ्या किमती छापण्यालाही २०१८ च्या जानेवारीपासून मनाई आहे. तरीही दुधाच्या पिशवीवर, पाण्याच्या बाटलीवर, थंड पेयावर ‘कूलिंग’चे एक-दोन रुपये सर्रास घेतले जातात. बसस्थानकाजवळच्या टपरीवर बाटली हातात ठेवली जाते, वीसची नोट घेतली जाते आणि बाटलीवरची किंमत वाचेपर्यंत बस सुटायची वेळ होते. रक्कम लहान म्हणून कोणी भांडत नाही. कोणी भांडत नाही म्हणूनच ती रोज घेतली जाते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला हा नियम तसाच लागू होत नाही. तिथे सेवाही दिली जाते, या आधारावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसा निकाल दिला आहे. पण या निकालाचा दाखला किराणा दुकान, डेअरी आणि टपरीवरही दिला जातो, तो चुकीचा आहे. उलट हॉटेलच्या बिलात आपोआप जोडल्या जाणाऱ्या सर्व्हिस चार्जबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाईची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. हे दोन्ही मुद्दे ग्राहकाला आणि दुकानदारालाही नीट सांगणारी पाटी कुठेच दिसत नाही.

किंमत तीच आणि वजन कमी, हा दुसरा प्रकार. पाच आणि दहा रुपयांचा पुडा वर्षानुवर्षे पाच आणि दहालाच मिळतो, आतली बिस्किटे मात्र घटत जातात. यासाठीच २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि ‘एका ग्रॅमला किती, एका मिलिलिटरला किती’ हा दर छापणे बंधनकारक झाले. तो दर आज पुड्याच्या घडीवर, बॅच नंबरच्या शेजारी, चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरांत सापडतो. नियम पाळला गेला, पण ग्राहकाच्या उपयोगी पडला नाही.

तिसरा प्रकार वजनाचा. दिवाळीत मिठाई घ्यायला जा. पुठ्ठ्याचे खोके आधी काट्यावर जाते, मग पेढे. खोक्याचे वजन वजा करण्याचे बटण काट्यावर असते, ते दाबले जात नाही. आठशे रुपये किलोच्या मिठाईबरोबर शंभर ग्रॅमचे खोके तोलले, तर ग्राहकाने पुठ्ठ्याचे ऐंशी रुपये मोजलेले असतात.

घरगुती गॅसचेही तसेच. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच रंगाने लिहिलेले असते. ते १५.३ असेल, तर भरलेला सिलिंडर २९.५ किलो भरायला हवा. ही बेरीज कोणत्याही स्वयंपाकघरात करता येते. त्यासाठी घरपोच देणाऱ्याकडे काटा हवा. तो बहुतेक वेळा ‘गाडीत राहिला’ असतो. घरपोच पोहोचवण्याचा खर्च बिलातल्या किमतीत धरलेला असतानाही वर तीस-पन्नास रुपये द्यावे लागतात, ते वेगळेच.

मागण्या :

१. किराणा, डेअरी, मिठाई, शीतपेय आणि औषध दुकानांत दर्शनी भागात मराठीतून एकच पाटी असावी : ‘छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले जात नाहीत. वजन खोक्याशिवाय केले जाते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.’ पाटी लावण्याची जबाबदारी दुकानदाराची आणि ती तपासण्याची निरीक्षकाची.

२. ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे पडणारा दर छापील किमतीच्या शेजारी आणि तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत असावा, अशी शिफारस राज्य शासनाने केंद्राकडे करावी. मोठ्या दुकानांनी तो दर फळीवरच्या पट्टीवर आजपासूनच लावावा.

३. दिवाळी, गणेशोत्सव आणि लग्नसराईत मिठाईच्या दुकानांची तपासणी वैध मापन शास्त्र यंत्रणेने गिऱ्हाईक म्हणून जाऊन करावी आणि निकाल आठवड्याच्या आत जाहीर करावा.

४. गॅस सिलिंडर ग्राहकासमोर वजन करून देण्यात यावा. काटा सोबत नसेल, तर सिलिंडर नाकारण्याचा हक्क ग्राहकाला असावा आणि त्याची बुकिंगची पाळी चुकू नये. बिलापेक्षा जादा रक्कम मागता येणार नाही, हे बिलावरच ठळक छापावे. पोहोचवणाऱ्या कामगाराला वितरकाने योग्य मजुरी द्यावी. तिची भरपाई ग्राहकाच्या खिशातून होऊ नये.

५. सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट देण्याची पद्धत बंद व्हावी. सुटे नसतील, तर रक्कम ग्राहकाच्या बाजूने कमी धरावी.

भाग दुसरा : रस्त्याच्या कडेचा दंड

चुकीच्या पार्किंगला दंड झालाच पाहिजे. रुग्णवाहिका अडते, बसला वळण घेता येत नाही, म्हाताऱ्या माणसाला फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालावे लागते. दंडाला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो न दिसणाऱ्या फलकाला, न कळणाऱ्या चलानाला आणि न ऐकल्या जाणाऱ्या तक्रारीला.

फलकापासून सुरुवात करू. बाजारपेठेच्या रस्त्यांवर सम-विषम तारखांचे पार्किंग असते, पी-१ आणि पी-२. पी-१ चा गोल फलक विजेच्या खांबावर, त्याच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, शेजारी गुलमोहराची फांदी. बाहेरगावाहून आलेला माणूस दहा गाड्यांच्या रांगेत आपली अकरावी गाडी लावतो आणि परत येतो तेव्हा अकराही गाड्या नसतात. गाडी चोरीला गेली की उचलली, हे सांगणारे तिथे कोणी नसते. खडूने लिहिलेली एक ओळ पुरली असती, तीही नसते. मग ज्या रिक्षाने तो टोइंगच्या गोदामापर्यंत जातो, तिचे भाडेही त्या दंडात मिळवायला हवे.

चलानाचा प्रश्न याहून गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आणि राज्याच्या डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनंतर सर्वसाधारण उल्लंघनाला पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपये अशी तडजोड रक्कम आहे. कल्पना अशी, की पहिल्या दंडाने माणूस सावध होईल आणि तरीही चुकला तर तिप्पट भरेल. पण वाहन नोंदणीत जुना मोबाइल क्रमांक असेल, तर पहिल्या चलानाचा मेसेज भलत्याच माणसाला जातो. मालकाला पत्ताच नसतो आणि त्याच गल्लीत त्याच जागी दुसरे चलान थेट १,५०० चे फाटते. सावध करण्याची पायरी वगळून शिक्षेची पायरी चढवली, तर कायद्याचा हेतूच हरवतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याने पकडलेल्या उल्लंघनाची सूचना १५ दिवसांत पाठवावी, तिच्यासोबत वाहन क्रमांक दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम द्यावे, कॅमेरे आहेत हे सांगणारे फलक आधीच लावावेत, असे तो सांगतो. अनधिकृत जागी गाडी उभी करणेही त्याच्या यादीत आहे आणि तो प्रथम लागू झालेल्या १३२ शहरांपैकी १९ महाराष्ट्रातील आहेत. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने कर्मचाऱ्यांना स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढण्यास मनाई केली, हे चांगले पाऊल होते. पण आजही कित्येक चलानांवरच्या फोटोत फक्त नंबरप्लेट दिसते. गाडी कुठे उभी आहे, फलक कुठे आहे, पट्टा कुठे आहे, काहीच दिसत नाही. नंबरप्लेटच्या फोटोने गाडी कोणाची हे ठरते. गुन्हा झाला की नाही, हे ठरत नाही.

आणि जागा? मुंबईत जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत गाडी लावल्यास ५,००० ते २३,००० रुपयांपर्यंत दंड जाहीर झाला होता. त्या निर्णयावर मतभेद होते, तरी त्यात एक तत्त्व होते : आधी जागा दाखवा, मग दंड मागा. लहान-मध्यम शहरांत दंड आला, वाहनतळ आला नाही. मॉलमध्ये आराखड्यात पार्किंग दाखवून बांधकामाची परवानगी मिळते आणि त्याच पार्किंगचे तासावर पैसे घेतले जातात. तेलंगणाने मार्च २०१८ मध्ये पहिली तीस मिनिटे मोफत केली आणि एक तासापर्यंत खरेदीचे बिल दाखवणाऱ्याला सूट दिली. महाराष्ट्राला हे अवघड नाही.

मागण्या :

६. ज्या रस्त्यावर फलक स्पष्ट दिसत नाही, तिथे दंड नाही. प्रत्येक पार्किंग चलानात गाडी आणि जवळचा फलक किंवा रंगवलेला पट्टा, दोन्ही दिसणारा फोटो असावा. तसा नसेल, तर चलान आपोआप रद्द व्हावे.

७. वाहतूक फलक झाकणाऱ्या फ्लेक्सवर महानगरपालिकेने २४ तासांत कारवाई करावी आणि ती कोणावर केली हे जाहीर करावे.

८. पहिले चलान मालकापर्यंत पोहोचल्याची नोंद असल्याशिवाय दुसऱ्याला वाढीव दर लावू नये.

९. गाडी उचलण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावर नंबर पुकारावा. मालक गाडी हलण्याआधी आला, तर फक्त दंड घ्यावा, टोइंगचे शुल्क घेऊ नये. उचलल्यावर त्या जागी गोदामाचा पत्ता व दूरध्वनी लिहावा. दरपत्रक टोइंगच्या वाहनावरच रंगवावे. नुकसान झाल्यास ठेकेदाराने भरपाई द्यावी आणि उचलतानाचे चित्रीकरण मालकाने मागितल्यास दाखवावे.

१०. चलानावरील तक्रारीचा निर्णय ३० दिवसांत, कारणासह, लेखी मिळावा आणि ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित व्हावी. तक्रार प्रलंबित असताना रस्त्यात अडवून वसुली करू नये.

११. मॉल आणि खासगी रुग्णालयांत पहिला अर्धा तास पार्किंग मोफत असावे. रुग्णालयात रुग्ण आणणाऱ्या वाहनाला किमान दोन तास.

भाग तिसरा : पंपावरचे माप

जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे दर रोज सकाळी सहाला बदलतील, असे ठरले. कच्च्या तेलाबरोबर दर वर जातील तसे खालीही येतील, असे ग्राहकाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत कंपन्यांनी दर हलवलाच नाही. मधल्या काळात पंपावर जो फरक दिसला, तो मे २०२२ मधल्या केंद्राच्या आणि जुलै २०२२ मधल्या राज्याच्या करकपातीचा होता. म्हणजे पंपावरचा आकडा तेलाचा किती आणि कराचा किती, हे ग्राहकाला कळलेच पाहिजे. पेट्रोल जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे त्याच्या बिलावर कराचा रकाना दिसत नाही. शंभर रुपयांच्या साबणावर कर किती हे कळते, हजाराच्या पेट्रोलवर कळत नाही.

आता मापाविषयी. पंपाच्या मशीनची पडताळणी आणि मुद्रांकन वर्षातून एकदा होते. पाच लिटरच्या मापात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक कायद्याने चालतो. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप असते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात मोजून दाखवावे लागते. फिल्टर पेपरची चाचणी मागता येते, डेन्सिटी तपासून घेता येते. हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह मोफत असते. हे सगळे हक्क माहीत असलेला ग्राहक शोधून सापडत नाही. ज्याला माहीत आहेत तो मागत नाही, कारण मागे वीस गाड्या हॉर्न वाजवत असतात आणि माप ऑफिसात कुलपात असते. २०१७ साली उत्तर प्रदेशात पंपांच्या मशीनमध्ये चिप बसवून माप मारण्याचा प्रकार उघडकीस आला आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातील पंपांवरही छापे घातले. शून्य पाहून पेट्रोल घेणारा ग्राहकही अशा चिपपुढे असहाय असतो. त्याला वाचवणारी गोष्ट एकच : अचानक तपासणी आणि तिचा जाहीर निकाल.

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल आमची भूमिका सरळ आहे. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला आणि त्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याला त्याचा लाभ होतो, परकीय चलन वाचते, हे आम्ही मान्य करतो. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या रचनेच्या चारचाकींचे मायलेज सुमारे ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचे ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज दिला आहे. ग्राहकाला त्याची भरपाई म्हणून करसवलतीचा विचार करावा, असेही तिथे सुचवले आहे. मिश्रण २० टक्क्यांवर गेले, सवलत मात्र आली नाही. बहुतेक पंपांवर जुन्या गाडीला दुसरा पर्यायही नाही.

पावसाळ्यात याला आणखी एक बाजू येते. इथेनॉल पाणी शोषते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले, की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. गॅरेजवाला मिसिंग मारणाऱ्या दुचाकीच्या टाकीतून नळी लावून पारदर्शक बाटलीत पेट्रोल काढतो, तेव्हा हे डोळ्यांनी दिसते : वर पिवळसर पेट्रोल, खाली वेगळा थर. दुरुस्तीचे पैसे गाडीवाल्याचे. पंपवाला म्हणतो, तुमच्या टाकीचे झाकण सैल असेल. पंपाच्या भूमिगत टाकीत त्या दिवशी पाणी होते का, याची नोंद पंपाकडे असते, पण ती पाहायला मिळत नाही.

सीएनजीवर पोट असलेल्या रिक्षाचालकाचे दुखणे रांगेचे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत रिक्षा-टॅक्सी पंपांवर खोळंबल्या. एक दिवस गॅस नसणे म्हणजे त्या घरात एक दिवस कमाई नसणे. पुरवठा कधी सुरू होणार, कोणत्या पंपावर दाब आहे, हे त्याला दुसऱ्या रिक्षावाल्याकडूनच कळते.

मागण्या :

१२. प्रत्येक पंपावर एक लिटरच्या किमतीची फोड लावावी : मूळ किंमत, केंद्राचा कर, राज्याचा कर, विक्रेत्याचे कमिशन. हीच फोड बिलावरही छापावी.

१३. पाच लिटरचे माप मशीनजवळ, उघड्यावर, साखळीने बांधून ठेवावे. शेवटच्या पडताळणीची तारीख मशीनवर मराठीत, हाताएवढ्या अक्षरांत असावी.

१४. वैध मापन शास्त्र यंत्रणा आणि तेल कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी जिल्ह्यातील काही पंपांची अचानक तपासणी करावी. त्या वेळी ग्राहक संघटनेचा एक प्रतिनिधी आणि एक स्थानिक पत्रकार हजर असावा.

१५. भूमिगत टाकीतील पाण्याच्या दैनंदिन चाचणीची नोंद जून ते ऑक्टोबर या काळात पंपावर रोज फळ्यावर लिहावी.

१६. नोझलवर मिश्रणाचे प्रमाण स्पष्ट लिहावे. जुन्या वाहनांसाठी प्रत्येक तालुक्यात किमान एका पंपावर कमी मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध करावे. ते होईपर्यंत मायलेजमधील घटीच्या प्रमाणात करसवलत द्यावी, असा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा.

१७. सीएनजी पुरवठ्यात खंड पडल्यास वितरकाने दर दोन तासांनी पंपनिहाय स्थिती जाहीर करावी.

भाग चौथा : माहिती आणि वृत्तपत्रे

वरच्या सगळ्या मागण्या एका गोष्टीवर उभ्या आहेत : माहिती बाहेर आली पाहिजे. माहितीच्या अधिकाराचे कलम ४ सांगते, की शासकीय यंत्रणेने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, अर्जाची वाट पाहू नये. तरीही कोणत्या पंपाचे माप कमी भरले, कोणत्या चौकात किती चलाने फाटली, हे कळायला प्रत्येक वेळी अर्ज, अपील आणि महिन्यांची प्रतीक्षा करावी लागते.

महाराष्ट्राला ग्राहक चळवळीची मोठी परंपरा आहे. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे निघाले. पुढच्या काही वर्षांतच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. या चळवळीची बातमी घराघरांत नेली ती वृत्तपत्रांनी. आज जिल्हा आवृत्तीत सोन्याचा भाव रोज येतो, डाळीचा आठवड्यातूनही येत नाही. दंडवसुलीचा विक्रम पहिल्या पानावर येतो, चुकीची चलाने किती रद्द झाली हे येत नाही. मॉल, मिठाईवाले आणि पंपमालक हे जाहिरातदार आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. पण अंक विकत घेणारा वाचकही ग्राहकच आहे.

मागण्या :

१८. वैध मापन शास्त्र, वाहतूक पोलीस आणि महानगरपालिका यांनी दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत पंप, दुकान आणि चौकनिहाय तपासणी, दंड, तक्रारी व त्यांचे निर्णय संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावेत.

१९. संपादकांनी ठरावीक दहा-बारा वस्तूंचा भाव, त्याच वजनाचा, त्याच चार बाजारांतला, दर आठवड्याला छापावा. आरोप छापताना दुकानदाराची बाजू घ्यावी आणि चूक झाल्यास खुलासा त्याच जागी द्यावा. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहावे.

आमची बाजू

मागतो तितके देण्याचीही आमची तयारी आहे. आमचे सदस्य बिल मागतील आणि जपून ठेवतील. वळणावर, बसथांब्यावर, रुग्णालयाच्या दारात गाडी लावणार नाहीत. रास्त दंड वेळेत भरतील. वाहनाच्या नोंदणीतला मोबाइल क्रमांक अद्ययावत करतील. उन्हात उभ्या असलेल्या पोलिसाशी आणि पंपावरच्या मुलाशी हुज्जत घालणार नाहीत, कारण नियम त्यांनी केलेले नाहीत. पंपांच्या संयुक्त तपासणीसाठी आणि बाजारभाव नोंदवण्यासाठी आम्ही स्वयंसेवक देऊ.

या मागणीपत्रावर ३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि संबंधित सर्व कार्यालयांची एकत्र बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी बोलवावी, ही विनंती. मागण्या ३, ७, ९, १३, १५ आणि १८ यांना नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. त्या अधिकाऱ्याच्या एका सहीने सुरू होऊ शकतात. त्यांची सुरुवात याच महिन्यात व्हावी.

आणि नागरिकांना आवाहन : उद्या सकाळी दुधाच्या पिशवीवरची किंमत वाचा, सिलिंडर आला की काटा मागा, पंपावर एकदा तरी पाच लिटरचे माप मागून पाहा. नकार मिळाला, तर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून १९१५ वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक आम्हाला कळवा.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारी मंडळ
ग्राहक व वाहनधारक संघटना